पाणसळ, ओळंबा आणि गुण्या : मेसॉनिक लॉजच्या आत काय चालते

गवंड्याच्या पिशवीत थापी आणि हातोडीबरोबर तीन साधने हमखास असतात : काटकोन तपासण्यासाठी गुण्या, आडवी पातळी पाहण्यासाठी पाणसळ आणि भिंत सरळ उभी राहते आहे की नाही हे पाहण्यासाठी ओळंबा. फ्रीमेसन, म्हणजे गवंडीकामाची अवजारे प्रतीक मानणाऱ्या एका जुन्या बंधुसंस्थेचे सदस्य, यांच्या सभेत हीच तीन साधने लहान धातूच्या पदकांच्या रूपाने तीन प्रमुख पदाधिकाऱ्यांच्या गळ्यात दिसतात. अध्यक्षाच्या, म्हणजे वर्शिपफुल मास्टरच्या गळ्यात गुण्या, सीनियर वॉर्डनच्या गळ्यात पाणसळ आणि ज्युनियर वॉर्डनच्या गळ्यात ओळंबा असतो. गुण्या म्हणजे चोख वागणूक, ओळंबा म्हणजे मनाचा सरळपणा आणि पाणसळ म्हणजे माणसामाणसांतली समानता, असा त्यांचा अर्थ प्रत्येक नव्या सदस्याला समजावून सांगितला जातो. लॉजच्या बंद दाराआड काय चालते याविषयी आपल्याकडे अनेक समज आहेत, पण तिथल्या बहुतेक गोष्टींचा उलगडा या तीन साधनांपासून, आणि त्यातही पाणसळीपासून, नीट करता येतो. म्हणून या लेखात मी पाणसळीचाच धागा धरला आहे.

आधी शब्दाचा गोंधळ दूर करायला हवा. मराठीत लॉज म्हटले की बसस्थानकासमोरची मुक्कामाची जागा डोळ्यांसमोर येते. फ्रीमेसनच्या भाषेत मात्र लॉज म्हणजे इमारत नव्हे, तर ठरावीक सदस्यांची, स्वतःचे नाव, क्रमांक, सनद आणि नियम असलेली मंडळी. इमारतीला हॉल म्हणतात आणि एकाच हॉलमध्ये अनेक लॉज आपापल्या ठरलेल्या वारी भरतात. मुंबईत फोर्टमध्ये स्टर्लिंग चित्रपटगृहाच्या परिसरात असलेला फ्रीमेसन्स हॉल हे त्याचे आपल्याला जवळचे उदाहरण आहे.

हा शब्द आला तो मध्ययुगीन युरोपातल्या चर्चच्या बांधकामांवरून. कॅथेड्रल बांधायला कित्येक वर्षे लागत, कधी दोन-तीन पिढ्याही लागत, आणि त्या काळात पाथरवट बांधकामाच्या शेजारी एक पडवी उभारून तिथे दगड घडवत, अवजारे ठेवत, जेवत आणि विसावा घेत. त्या पडवीला लॉज म्हणत. कारागिरांच्या या संघटनांमध्ये सतराव्या शतकात दगडाशी संबंध नसलेले लोकही येऊ लागले. इंग्लंडमधला विद्वान इलायस अॅशमोल १६ ऑक्टोबर १६४६ रोजी वॉरिंग्टन इथे फ्रीमेसन झाल्याची नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे. पुढे हळूहळू प्रत्यक्ष गवंडी मागे पडले आणि त्यांची अवजारे, त्यांची शिकाऊ ते कसबी अशी चढती उतरंड आणि त्यांचे खुणेचे शब्द तेवढे प्रतीक म्हणून उरले. २४ जून १७१७ रोजी लंडनमधल्या चार लॉजनी एकत्र येऊन ग्रँड लॉज, म्हणजे सर्व लॉजची शिखर संस्था, स्थापन केली असे परंपरेने मानले जाते, आणि १७२३ साली जेम्स अँडरसन यांनी तयार केलेली नियमावली छापली गेली.

त्या नियमावलीतली एक गोष्ट मुख्य प्रवाहातल्या लॉज आजही पाळतात : सभेत धर्म आणि राजकारण या विषयांवर वाद घालायचा नाही. हा नियम शिष्टाचारापोटी आलेला नव्हता. त्याआधीच्या शतकात इंग्लंड यादवी युद्धातून गेले होते, राजाचा शिरच्छेद झाला होता आणि प्रार्थना कोणत्या पद्धतीने करायची यावरून शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांचे जीव घेतले होते. अशा समाजात वेगवेगळ्या पंथांची माणसे महिन्यातून एकदा एका खोलीत, भांडणाची कारणे दाराबाहेर ठेवून बसू शकतात, ही कल्पनाच नवी होती, आणि माझ्या मते लॉज या संस्थेचे खरे मोल तिथेच आहे.

आता एका साध्या सभेत काय घडते ते पाहू. सचिवाकडून सदस्यांना आधी बोलावणे जाते आणि त्यात कामकाजाची यादी असते. वीज नसलेल्या काळात इंग्लंड-स्कॉटलंडच्या ग्रामीण भागातल्या अनेक लॉजनी आपली सभा पौर्णिमेच्या सुमारास ठेवली होती, कारण रात्री चांदण्यात घरी परतणे सोपे जाई. सभेच्या दिवशी सदस्य गडद पोशाखात येतात आणि कमरेला ॲप्रन बांधतात. नव्या सदस्याचे ॲप्रन साधे, पांढऱ्या कोकराच्या कातड्याचे असते, आणि न्यायाधीश असो वा दुकानदार, पहिल्या दिवशी सर्वांना ते तसेच मिळते. दाराबाहेर टायलर नावाचा पदाधिकारी उपसलेली तलवार घेऊन उभा असतो. त्याचे काम सभासदांव्यतिरिक्त कुणाला आत येऊ न देणे एवढेच. पुष्कळ लॉजमध्ये हे काम एखादा जुना, मास्टरपद भूषवून झालेला सदस्य करतो, म्हणजे जो कधी काळी पूर्वेच्या मुख्य आसनावर बसत होता तोच आता दाराबाहेर उभा राहून इतरांची सभा निर्विघ्न पार पाडतो. पाणसळीचा अर्थ सांगायला मला यापेक्षा नेमके उदाहरण सापडत नाही.

आत मधोमध काळ्या-पांढऱ्या चौकटींचे पटांगण असते. पूर्वेला मास्टर, पश्चिमेला सीनियर वॉर्डन आणि दक्षिणेला ज्युनियर वॉर्डन बसतो, कारण सूर्य पूर्वेला उगवतो, दक्षिणेकडून माध्यान्ह गाठतो आणि पश्चिमेला मावळतो. ही मांडणी उत्तर गोलार्धातल्या युरोपीय गवंड्याची आहे, पण आपल्याकडेही तीच चालते. ठरलेल्या प्रश्नोत्तरांनी सभा उघडते, मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून मंजूर होते, हिशेब येतात, आणि मग त्या दिवशीचा मुख्य विधी असतो. शेवटी मास्टर तीन वेळा उभा राहून विचारतो की मंडळाच्या हितासाठी कुणाला काही मांडायचे आहे का. याच वेळी शिखर संस्थेची पत्रे वाचली जातात, आजारी सदस्यांची विचारपूस होते, कुणाच्या घरी दुःखद घटना घडली असेल तर ते सांगितले जाते आणि मदतीचे प्रस्ताव येतात. बाहेरच्या माणसाला रहस्यमय वाटणाऱ्या सभेचा बराचसा वेळ असा, कोणत्याही जुन्या सहकारी संस्थेच्या बैठकीसारखाच जातो.

सदस्य होण्याची पद्धत मात्र वेगळी आहे. उमेदवार सामान्यतः एकवीस वर्षे पूर्ण केलेला पुरुष असावा, त्याने स्वेच्छेने अर्ज केलेला असावा, दोन सदस्यांनी त्याचे नाव सुचवलेले असावे आणि एका परम शक्तीवर त्याचा विश्वास असावा. ती शक्ती कोणत्या नावाने ओळखायची हे विचारले जात नाही. फ्रीमेसन तिला विश्वाचा महान शिल्पकार म्हणतात आणि पुढचे प्रत्येकाच्या धर्मावर सोडतात. नंतर मतदान होते, आणि ते गोट्यांनी होते. प्रत्येक सदस्य पेटीत हात घालून एक गोटी टाकतो. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार, आणि कुणी काय टाकले हे कुणालाच दिसत नाही. इंग्लिश नियमांनुसार तीन काळ्या गोट्या पडल्या की अर्ज फेटाळला जातो, आणि स्वतःच्या पोटनियमांनी एक किंवा दोन गोट्यांवरही नकार ठरवण्याची मुभा लॉजला असते. ज्यांच्याबरोबर आयुष्यभर भावासारखे वागायचे, त्यांच्यापैकी थोड्यांचाही मनापासून विरोध असेल तर त्या माणसाला आत घेऊन उपयोग नाही, असा या नियमामागचा विचार आहे. हीच पेटी मुंबईत एकदा अन्यायाचे साधन कशी झाली ते पुढे येईलच.

मग तीन पायऱ्या असतात : शिकाऊ, कसबी आणि उस्ताद, म्हणजे एंटर्ड ॲप्रेंटिस, फेलो क्राफ्ट आणि मास्टर मेसन. प्रत्येक पायरीचा विधी म्हणजे एक नाट्यप्रवेश असतो आणि उमेदवार त्यातला नायक असतो. दुसऱ्या पायरीचा भर ज्ञानसाधनेवर आहे, तर तिसरीत राजा सॉलोमनच्या मंदिराचा मुख्य स्थपती हिरम याच्या मृत्यूची कथा येते, ज्याने जीव दिला पण विश्वासाने सोपवलेले गुपित फोडले नाही. ती इतिहास नव्हे, दंतकथा आहे, हे फ्रीमेसन स्वतःही सांगतात.

पण मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती पहिल्या पायरीतली एक छोटी घटना, जिचे वर्णन छापील स्वरूपात फार पूर्वीपासून उपलब्ध आहे. विधीपूर्वी उमेदवाराच्या अंगावरचे सर्व पैसे आणि धातूच्या वस्तू काढून ठेवल्या जातात. घड्याळ, अंगठी, पाकीट, काहीही राहत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला आत नेतात आणि शपथ झाल्यावर पट्टी सोडतात. पुढे त्याला खोलीच्या ईशान्य कोपऱ्यात उभे करतात, कारण इमारतीची कोनशिला परंपरेने ईशान्येला बसवतात. वास्तुशांत पाहिलेल्या मराठी माणसाला ईशान्येचे महत्त्व वेगळे सांगायला नको, जरी दोन्ही परंपरा स्वतंत्र आहेत. तिथे उभा असताना, सर्वांच्या देखत, त्याला विचारतात की गरजूंसाठी काही देणार का. तो गोंधळतो, खिसे चाचपतो, आणि आपल्याजवळ खरोखरच काही नाही हे त्याला कबूल करावे लागते. मग त्याला सांगतात की, ही तुझी फजिती करण्यासाठी केलेली गोष्ट नाही. पुढे कधी एखादा हात पसरलेला माणूस समोर आला, तर या क्षणी तू कसा रिकाम्या हाताने उभा होतास ते आठव. दानधर्मावरचे प्रवचन माणूस विसरतो, पण चारचौघांत रिकामा खिसा चाचपल्याचा तो क्षण विसरणे कठीण आहे.

हे सगळे पाठांतराने चालते. पानेच्या पाने संवाद पदाधिकाऱ्यांना तोंडपाठ लागतात आणि त्यासाठी वेगळ्या तालमी भरतात. गणेशोत्सवातल्या हौशी नाटकाच्या तालमी ज्यांनी अनुभवल्या आहेत त्यांना इथला जिव्हाळा चटकन समजेल. दिवसभर बँकेत, दवाखान्यात किंवा कारखान्यात काम करून आलेली माणसे संध्याकाळी एकमेकांची वाक्ये सुधारतात, अडला तर हळूच शब्द पुरवतात, आणि या रोजच्या चुकत-माकत शिकण्यातूनच मैत्री घट्ट होते. पदे दरवर्षी पुढे सरकतात, मास्टर साधारणपणे एक वर्ष राहतो आणि मग आपल्या हाताने पुढच्याला आसनावर बसवतो.

आता मुंबईकडे वळू. हिंदुस्थानात पहिली लॉज कलकत्त्यात १७३० साली सुरू झाली आणि मुंबईत १७५८ साली. या लॉज ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांच्या आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या होत्या. अर्काटच्या नवाबाचा मुलगा उमदत-उल-उमरा याला अठराव्या शतकातच दीक्षा मिळाली होती, पण राजपुत्राला मिळणारा मान मुंबईच्या नागरिकाला मिळत नव्हता. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांनी परसिव्हरन्स नावाच्या लॉजमध्ये प्रवेश मागितला, तेव्हा त्यांना नकार मिळाला. माणकजी स्वस्थ बसले नाहीत. ते इंग्लंडला गेले, तिथेही काम झाले नाही, तेव्हा पॅरिसला गेले आणि तिथल्या एका फ्रेंच लॉजमध्ये फ्रीमेसन होऊन मुंबईला परतले. आता ते रीतसर बंधू होते, तरीही जुन्या लॉजने त्यांना सामावून घेतले नाही. समानतेची शपथ घेतलेल्या माणसांनी समोर उभ्या असलेल्या बंधूला कातडीच्या रंगावरून नाकारले, हे या संस्थेच्या मुंबईतल्या इतिहासातले सर्वांत लाजिरवाणे पान आहे आणि ते झाकून पुढे जाता येत नाही.

यातून मार्ग काढला तो डॉ. जेम्स बर्न्स यांनी. ते कंपनीच्या सेवेतले वैद्य होते आणि पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश परंपरेच्या लॉजचे प्रमुख होते. त्यांच्या पुढाकाराने १८४३ साली मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज स्थापन झाली, आणि तिचा उद्देशच हिंदी लोकांना प्रवेश देणे हा होता. माणकजी तिच्या पहिल्या सदस्यांपैकी एक होते. पुढे हेच माणकजी मुंबईत मुलींच्या इंग्रजी शिक्षणासाठी झटले आणि १८६३ साली निघालेल्या अलेक्झांड्रा शाळेच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. पारशी विद्वान खरशेदजी रुस्तमजी कामा आणि पुढे मुंबई महानगरपालिकेच्या जडणघडणीत अग्रभागी असलेले फिरोजशहा मेहता हेही फ्रीमेसन होते. हिंदूंना मात्र आणखी वाट पाहावी लागली. अनेक देव मानणारा माणूस एका परमेश्वराची शपथ कशी घेणार, असा आक्षेप बंगालमधले काही इंग्रज सदस्य घेत होते, आणि प्रसन्नकुमार दत्त यांनी अनेक वर्षे चिकाटीने लढून १८७२ साली कलकत्त्यात प्रवेश मिळवला, तेव्हा कुठे ती आडकाठी दूर झाली.

या झगड्याचे फळ आज भारतातल्या लॉजच्या मधल्या चौरंगावर दिसते. तिथे एकच धर्मग्रंथ नसतो. भगवद्गीता, कुराण, बायबल, खोर्देह अवेस्ता आणि गुरू ग्रंथसाहिब यांना तिथे शेजारी शेजारी स्थान असते आणि प्रत्येक उमेदवार आपापल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घेतो. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या शिखर संस्थांच्या संमतीने ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली आणि रामपूरचे नवाब रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर झाले. तिचे उत्तर, पूर्व, पश्चिम आणि दक्षिण असे चार विभाग असून पश्चिम विभागाचा कारभार मुंबईतून चालतो. काही जुन्या लॉजनी मात्र आपली मूळ ब्रिटिश सनद कायम ठेवली, आणि दोन्ही प्रकारच्या लॉजचे सदस्य एकमेकांकडे पाहुणे म्हणून जातात.

गुप्ततेचा प्रश्न उरतो. फ्रीमेसन कोण आहे, हॉल कुठे आहे, नियम काय आहेत, हे काहीच गुप्त नाही. विधींची वर्णनेही अठराव्या शतकापासून छापली गेली आहेत. गुप्त राखले जातात ते ओळख पटवण्याचे शब्द, खुणा आणि हस्तांदोलन. दूरच्या गावी गेलेल्या कारागिराला आपले कसब सिद्ध करायला ते उपयोगी पडत, अशी त्यांची परंपरेने सांगितली जाणारी कहाणी आहे. मग छापून आलेली गोष्ट लपवायची कशाला, असे कुणी विचारेल. मुंजीत बटूच्या कानात गायत्री मंत्र सांगतात तेव्हा वर शेला धरतात. तो मंत्र पुस्तकात असतो, कॅसेटवर असतो, शेजारच्या देवळात लाऊडस्पीकरवरही लागतो, तरीही त्या शेल्याखाली वडिलांच्या तोंडून तो ऐकण्याचे मोल कमी होत नाही. लॉजमधली गुप्तता मला याच जातीची वाटते.

तरी या बंद दाराने संशयाला भरपूर खाद्य पुरवले आहे. फ्रान्समध्ये लिओ टॅक्सिल नावाच्या लेखकाने फ्रीमेसन सैतानाची पूजा करतात अशा कथा वर्षानुवर्षे छापल्या आणि १८९७ साली पॅरिसमधल्या एका सभेत ते सारे आपण रचले होते असे स्वतःच जाहीर केले, पण त्या कथा अजूनही फिरत आहेत. कॅथलिक चर्चने १७३८ पासून आपल्या अनुयायांना सदस्य होण्यास मनाई केली आहे आणि ती आजही कायम आहे. पोर्तुगालमध्ये सालाझारच्या राजवटीने १९३५ साली गुप्त संघटनांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि गोवा तेव्हा त्याच राजवटीखाली होते. या विरोधाची कारणे वेगवेगळी होती, पण कोणत्याही हुकूमशाहीला आपल्या परवानगीशिवाय बंद खोलीत भेटणारी माणसे नको असतात, एवढे मात्र त्यांतून स्पष्ट दिसते.

काही आक्षेप मात्र अफवा म्हणून बाजूला सारता येत नाहीत. सदस्य एकमेकांना नोकरीत आणि धंद्यात झुकते माप देतात, असा आरोप अनेक देशांत झाला आहे. नियम असे करण्यास मनाई करतात, पण बंधुभाव आणि वशिला यांच्यातली सीमा माणसाच्या सचोटीवरच टिकते. दुसरा आक्षेप स्त्रियांचा. मुख्य प्रवाहातल्या लॉज आजही फक्त पुरुषांना घेतात. स्त्री-पुरुष दोघांना प्रवेश देणारी शाखा पॅरिसमध्ये १८९३ साली निघाली आणि ॲनी बेझंट यांनी ती आधी लंडनमध्ये आणि मग भारतात आणली, पण मूळ शाखा तिला मान्यता देत नाहीत. गळ्यात पाणसळ घालणाऱ्या संस्थेने माणकजींच्या वेळी जी चूक सुधारली, तिच्याच जातीची ही चूक तिने अजून सुधारलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मदतकार्य हा लॉजचा कमी दिसणारा पण मोठा भाग आहे. आल्मनर नावाचा पदाधिकारी फक्त सदस्यांची आणि दिवंगत सदस्यांच्या कुटुंबांची विचारपूस करण्यासाठीच नेमलेला असतो. तो रुग्णालयात भेटायला जातो, विधवांना पत्र लिहितो, मुलांची फी थकली आहे का ते शांतपणे पाहतो. इंग्लंडमध्ये फ्रीमेसन मंडळींनी मुलींसाठी शाळा १७८८ सालीच काढली होती. आपल्याकडे कोइमतूरमध्ये लहान मुलांसाठी मेसॉनिक वैद्यकीय केंद्र चालते. हा पैसा बाहेरच्यांकडून वर्गणी काढून नव्हे, तर मुख्यतः सदस्यांच्या खिशातून, प्रत्येक सभेत फिरणाऱ्या दानपात्रातून जमतो.

आणि सभा संपली की पंगत बसते. तिला फेस्टिव्ह बोर्ड म्हणतात, पण पंगत हाच शब्द मला जास्त जवळचा वाटतो, कारण हिंदुस्थानात खरी परीक्षा विधीची नव्हती, ताटाची होती. मुंबईत जन्मलेले रुडयार्ड किपलिंग १८८६ साली लाहोरच्या लॉजमध्ये दाखल झाले. त्या लॉजमध्ये वेगवेगळ्या धर्मांची माणसे एकत्र बसत, पण एखाद्या बंधूची जात बाटू नये म्हणून मेजवानी देण्याचे धाडस होत नसे, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. हे वाचून नवल वाटायला नको, कारण १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांना ग्रामण्याला, म्हणजे जातीच्या बहिष्काराला, तोंड द्यावे लागले होते. एका ओळीत बसून एकाच स्वयंपाकातले जेवणे ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती, हे या दोन प्रसंगांवरून कळते.

आज ती अडचण उरलेली नाही. शाकाहारी, मांसाहारी, पारशी, मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती सगळे एकाच टेबलाशी बसतात, मास्टर पाहुण्यांची ओळख करून देतो आणि ठरलेल्या क्रमाने पेले उंचावले जातात, मग त्यात मद्य असो वा पाणी. इंग्लिश परंपरेच्या पुष्कळ लॉजमध्ये रात्री नऊ वाजता गैरहजर बंधूंची आठवण काढतात, कारण त्या वेळी घड्याळाचे दोन्ही काटे मिळून गुण्याचा आकार होतो. सर्वांत शेवटचा पेला असतो टायलरचा. संध्याकाळभर दाराबाहेर उभा राहिलेला तो माणूस आत येतो, आणि जमिनीवर किंवा पाण्यावर जगात कुठेही अडचणीत सापडलेल्या प्रत्येक गरीब बंधूचे दुःख लवकर सरो आणि त्याची इच्छा असेल तर तो सुखरूप आपल्या मायदेशी परतो, असे म्हणतो. मंडळी ते शब्द उच्चारून पेला रिकामा करतात आणि घरी निघतात.